नॅनोबबल कॉन्ट्रास्ट: चमक नॅनोची की चुकार मायक्रोबबलची? कसं ओळखायचं?

लहर_१२

नमस्कार मंडळी. सोनोग्राफीच्या कॉन्ट्रास्टसाठी (चित्रात चमक वाढवण्यासाठी) लिपिड कवचाचे नॅनोबबल, म्हणजे मायक्रोमीटरहून लहान वायूचे बुडबुडे, करतो आहोत. कृती क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या गटाने रूढ केलेली आहे. डीबीपीसी, डीपीपीए, डीपीपीई आणि डीएसपीई-एमपेग२००० हे लिपिड वजनाने ६:१:२:१, एकूण १० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. द्रवात १०% प्रॉपिलीन ग्लायकॉल, १०% ग्लिसरॉल, बाकी पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर द्रावण). ३ मि.ली.च्या व्हायलमध्ये १ मि.ली. द्रव, वर ऑक्टाफ्लुओरोप्रोपेन वायू. ४५ सेकंद जोरात हलवायचं आणि मग व्हायल उलटी ठेवून ५० जी (गुरुत्वाच्या ५० पट) वर ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज.

डीएलएसवर (लेझरच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) सरासरी २४० नॅनोमीटर येते. १:१०० पातळ करून अगारोज फॅन्टमच्या (ऊतीची नक्कल करणारा जेलचा ठोकळा) ३ मि.मी. नळीत भरलं की १२ मेगाहर्ट्झवर, कॉन्ट्रास्ट मोडमध्ये, एमआय (ध्वनीच्या जोराचा पडद्यावरचा निर्देशांक) ०.१ ला भरपूर चमक दिसते. अडचणी दोन. ही चमक खरंच नॅनोबबलची आहे, चुकून राहिलेल्या मोठ्या मायक्रोबबलची नाही, हे सिद्ध कसं करायचं? आणि ती दीड मिनिटात अर्ध्यावर का येते? बुडबुडे आणि इतर कण वेगळे ओळखणारं, रेझोनंट मास मोजणारं यंत्र आमच्याकडे नाही.

कवच_आणि_वायू

पहिली शंका अगदी रास्त आहे, आणि या क्षेत्रातल्या बऱ्याच निबंधांत तिला पुरेसं उत्तर दिलेलं नसतं.

डीएलएसचा २४० हा आकडा कशाचा आहे ते आधी पाहा. १० मि.ग्रॅ. लिपिड म्हणजे द्रवात लायपोसोमही (लिपिडचे, वायू नसलेले पोकळ गोळे) रग्गड असणार. लेझरला बुडबुडा आणि लायपोसोम यांतला फरक कळत नाही. एनटीएचंही (एकेका कणाची हालचाल टिपून आकार मोजायची पद्धत) तेच. त्यामुळे 'प्रति मि.ली. इतके नॅनोबबल' असा आकडा नुसत्या प्रकाशाच्या विखुरण्यावरून देऊ नका.

आता ध्वनीचं गणित. अनुनादाच्या बऱ्याच खाली असलेला बुडबुडा जो ध्वनी परतवतो तो त्रिज्येच्या सहाव्या घाताने बदलतो. २.५ मायक्रोमीटरचा एक बुडबुडा २५० नॅनोमीटरच्या दहा लाख बुडबुड्यांना भारी पडतो. म्हणजे दहा लाखांत एक मायक्रोबबल चुकून राहिला तरी निम्मी चमक त्याची. प्रत्येक चाचणीचा रोख एकाच गोष्टीवर हवा: मायक्रोबबल किती उरलेत?

यंत्राशिवाय करता येण्यासारख्या तीन चाचण्या सांगतो.

एक, न्यूबाउअर चेंबर. रक्तपेशी मोजायची तीच काच. पातळ न करता नमुना भरा, ४० च्या ऑब्जेक्टिव्हने बघा, पण फोकस तळावर नको, कव्हरस्लिपच्या खालच्या बाजूवर हवा, कारण बुडबुडे वर जाऊन तिथे चिकटतात. चेंबरची खोली ०.१ मि.मी. आहे. २.५ मायक्रोमीटरचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला सुमारे ३.४ मायक्रोमीटर चढतो, म्हणजे अर्ध्या मिनिटात वर पोचतो. १ मायक्रोमीटरच्या बुडबुड्याला तीन मिनिटं लागतात आणि तुमच्या द्रवात ग्लिसरॉल-ग्लायकॉल असल्याने पाच धरा. नंतर मोजा. १ चौ.मि.मी.च्या चौकोनात १०० बुडबुडे म्हणजे मि.ली.ला १० लाख.

दोन, नळीची वरची कड. तुमच्या ३ मि.मी. नळीत, १:१०० पातळ केल्यावर, २.५ मायक्रोमीटरचे बुडबुडे तळापासून वरपर्यंत पंधरा मिनिटांत चढतात, ५ मायक्रोमीटरचे चार मिनिटांत. २५० नॅनोमीटरच्या बुडबुड्याला तेवढ्याच अंतराला एक अख्खा दिवस लागेल. नळी आडवी ठेवा, भरल्यावर आणि पंधरा मिनिटांनी अशा दोनच फ्रेम घ्या, मधल्या वेळात प्रोब फ्रीझ. चमक वरच्या कडेला गोळा झाली आणि तळ काळा पडला तर उत्तर मिळालं.

तीन, दाबाची चाचणी. १ मि.ली.च्या लुअर लॉक सिरिंजमध्ये नमुना घ्या, हवा पूर्ण काढा, पुढे बंद स्टॉपकॉक लावा आणि दट्ट्या अंगठ्याने दाबून धरा. या सिरिंजचा आतला व्यास सुमारे ४.७ मि.मी., म्हणून २० न्यूटन जोरातही आत ११ वातावरणांएवढा दाब तयार होतो. वायू विरघळतो आणि दुधाळ द्रव निवळतो. लायपोसोमना त्याने काही होत नाही. दाबलेला आणि न दाबलेला नमुना, दोन्हींचं डीएलएस किंवा एनटीए करा. आकडे जवळपास सारखेच आले तर तुम्ही बुडबुडे नव्हे, लायपोसोम मोजत होता.

याच कारणाने इंजेक्शन देताना बंद किंवा तुंबलेल्या नळीवर जोर देऊ नका. बुडबुडे सिरिंजमध्येच मरतात आणि दोष मात्र कृतीला लागतो.

मिनार्ट

वरच्या प्रतिसादातल्या चाचण्या उत्तम, पण दहा लाखांचा आकडा १२ मेगाहर्ट्झला लागू नाही.

सहावा घात चालतो तो दोन्ही बुडबुडे आपापल्या अनुनादाच्या खाली असताना. कवचाचा विचार न करता, बुडबुड्याची अनुनाद वारंवारता गुणिले त्रिज्या हे पाण्यात साधारण ३.२६ मेगाहर्ट्झ-मायक्रोमीटर येतं. २.५ मायक्रोमीटर व्यासाला २.६ मेगाहर्ट्झ. म्हणजे १२ वर तो अनुनादाच्या वर आहे, आणि तिथे त्याचं परावर्तन त्रिज्येच्या फक्त वर्गाने वाढतं. २५० नॅनोमीटरवाला मात्र अजून खाली आहे. या सूत्राने त्याचा अनुनाद २६ मेगाहर्ट्झ येतो, पण एवढ्या लहान आकाराला पृष्ठताण सोडून चालत नाही. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण धरला तर २६ चे ६८ होतात. लिपिडचं कवच ताण कमी करतं, म्हणून खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असेल. त्यावरून एका मायक्रोबबलची बरोबरी करायला २ हजार ते १ लाख नॅनोबबल लागतील. इतक्या लहान बुडबुड्यात द्रवाच्या चिकटपणाने होणारं दमनही मोठं असतं, ते मी इथे धरलेलं नाही.

मि.ली.मागे १०^११ नॅनोबबल असतील तर १० लाख ते ५ कोटी मायक्रोबबल त्यांच्याएवढाच आवाज करतील. तेव्हा लक्ष्य ठेवा: १ मायक्रोमीटरच्या वरचे बुडबुडे मि.ली.ला १ लाखाच्या खाली. न्यूबाउअरच्या त्या चौकोनात १० पेक्षा कमी. कोल्टर काउंटर (छिद्रातून जाणारे कण विजेच्या बदलावरून मोजणारं यंत्र) मिळत असेल तर ३० मायक्रोमीटरचं छिद्र लावा, ते ०.६ मायक्रोमीटरपासून मोजतं. इलेक्ट्रोलाइट ०.२ च्या फिल्टरमधून गाळून त्याची कोरी मोजणी आधी वजा करा.

हे सगळं रेषीय गणित आहे. कॉन्ट्रास्ट मोड रेषीय भाग काढूनच टाकतो, आणि कवच दुमडतं-उलगडतं तेव्हाचा अरेषीय प्रतिसाद दाब एका उंबरठ्यापलीकडे गेल्यावर एकदम वाढतो. त्यामुळे माझ्या आकड्यांकडे अंदाज म्हणूनच बघा. पण 'मायक्रो नगण्य होते' हे विधान मोजणी न दाखवता मान्य करू नये.

कवच_आणि_वायू

मान्य. मी ३ मेगाहर्ट्झच्या खालचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं, १२ साठी मिनार्टचा हिशोबच धरा.

एमआय_पॉइंट_वन

दुसऱ्या शंकेबद्दल. चमक विझते ती बुडबुडे आपोआप विरघळल्याने की तुमच्याच ध्वनीने फुटल्याने, ते आधी वेगळं करा. नळी भरा, एक फ्रेम घ्या, फ्रीझ. दीड मिनिटाने पुन्हा एक फ्रेम. चमक जवळपास तेवढीच असेल तर दोष ध्वनीचा.

माझा संशय ध्वनीवरच आहे, कारण पडद्यावरचा ०.१ फसवा असतो. एमआय म्हणजे ऋण दाबाचं शिखर, मेगापास्कलमध्ये, भागिले वारंवारतेचं वर्गमूळ. १२ मेगाहर्ट्झला ०.१ म्हणजे ०.३५ मेगापास्कल. ३ मेगाहर्ट्झला तोच ०.१ म्हणजे फक्त ०.१७. क्लिनिकमध्ये ३-४ मेगाहर्ट्झवर यकृत बघताना जो 'कमी एमआय' म्हणतात, त्याच्या दुप्पट दाब तुमच्या फॅन्टममध्ये आहे.

दुसरं म्हणजे, यंत्र जो दाब धरतं तो ऊतींमधली घट वजा करून: दर सें.मी., दर मेगाहर्ट्झला ०.३ डेसिबल. पाण्यात किंवा पातळ अगारोजमध्ये एवढी घट होतच नाही. २ सें.मी. खोलीला १२ मेगाहर्ट्झवर ही वजावट ७.२ डेसिबलची, म्हणजे २.३ पट. तुमच्या नळीत प्रत्यक्ष दाब ०.८ मेगापास्कलच्या आसपास जात असेल. त्यात सेकंदाला १५-२० फ्रेम चालू असतील तर दीड मिनिट टिकले हेच खूप. सेकंदाला एक फ्रेम करा, शक्य असल्यास पाच सेकंदांना एक. हायड्रोफोन (पाण्यातला ध्वनिदाब मोजणारा मायक्रोफोन) मिळाला तर दाब मोजून घ्या आणि निबंधात एमआयऐवजी किलोपास्कल लिहा.

दाब अगदी खाली नेऊ नका मात्र. नॅनोबबलचा उंबरठा मायक्रोबबलपेक्षा वर असतो. फार कमी दाबावर चमक दिसत राहिली तर उलट शंका घ्या, ती मायक्रोबबलची असण्याचाच संभव जास्त.

ध्वनी नसतानाही चमक गेली तर पातळ करायचा पीबीएस तपासा. फॅन्टमचं पाणी निर्वात केलेलं असतं, आणि त्याच बाटलीतून पातळ करायची सवय घातक. वायू काढलेल्या पाण्यात बुडबुड्यातला वायू झपाट्याने निघून जातो. साध्या, खोलीच्या तापमानाला उघड्या ठेवलेल्या पीबीएसमध्ये पातळ करा. अगारोज मात्र ओतण्यापूर्वी निर्वात पंपावर ठेवायलाच हवं. त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे नळीच्या भिंतीवर कायमची चमक देत राहतात, आणि ती कितीही वेळ 'टिकते'.

सांगाडा_लिपिडचा

बनवण्याच्या टप्प्यावर काय बिघडतं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून.

डीबीपीसीचं वितळण्याचं संक्रमण तापमान सुमारे ७५ अंश आहे. म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल आधी ८० अंशांना, त्यात लिपिड पूर्ण विरघळेपर्यंत अधूनमधून बाथ सोनिकेटर. द्रव आरपार दिसला पाहिजे, धूसर चालणार नाही. मग ग्लिसरॉल आणि पीबीएसचं मिश्रण, तेही ८० अंशांनाच तापवून, हळूहळू. थंड पीबीएस ओतला की लिपिडच्या गुठळ्या होतात, आणि त्या नंतर कितीही सोनिकेट केल्या तरी मनासारख्या मोडत नाहीत.

पीबीएस कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलाच घ्या. डीपीपीएचा फॉस्फेट गट कॅल्शियमला घट्ट धरतो आणि पांढरा साका बसतो. 'पीबीएस तर पीबीएस' म्हणून पेशीसंवर्धनाच्या कपाटातली बाटली उचलली जाते, ती बऱ्याचदा कॅल्शियमवाली असते.

वायू बदलणं हा सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. ब्युटिल रबराचं बूच, त्यावर ॲल्युमिनियमची टोपी क्रिम्प केलेली, एक सुई वायूची, दुसरी बाहेर जायची, आणि १० मि.ली. वायू सावकाश आरपार. वर हवा उरली तर बुडबुड्यांत नायट्रोजन-ऑक्सिजन भरतो, आणि हे दोन्ही पाण्यात ऑक्टाफ्लुओरोप्रोपेनपेक्षा कितीतरी जास्त विरघळतात. २५० नॅनोमीटरच्या बुडबुड्यात, पृष्ठताण स्वच्छ पाण्याचा धरला, तर आतला जादा दाब ११ वातावरणांच्या वर जातो. कवच तो बराच कमी करतं, पण हवेने भरलेला बुडबुडा तेवढ्यावर तग धरत नाही. काढण्याची सुई आधी बाहेर, वायूची नंतर. उलट केलं तर व्हायलमध्ये दाब उरत नाही आणि नमुना ओढताना निर्वात तयार होतो.

वायू कुठून आणायचा हा प्रश्न पुढे येतोच, तर दृष्टिपटलाच्या (रेटिनाच्या) शस्त्रक्रियेत हाच सी३एफ८ वापरतात. डोळ्यांच्या रुग्णालयांना पुरवठा करणाऱ्यांकडे लहान सिलिंडर मिळतं. विजेच्या स्विचगिअरमधला एसएफ६ जुगाड म्हणून आणू नका. वापरलेल्या वायूत ठिणग्यांमुळे तयार झालेली विषारी संयुगं असतात.

हलवण्यासाठी खास यंत्र नसेल तर दंतवैद्यांचं अमाल्गमेटर चालतं, मिनिटाला ४,००० च्या वर फेरे देणारं. त्याचा धारक कॅप्सूलसाठी असतो, व्हायलसाठी थ्री-डी प्रिंट करून घ्यावा लागतो आणि तो घट्टच बसला पाहिजे. धारक सैल असेल तर व्हायल स्वतःच्या लयीत हलते आणि आकाराची विभागणी रोज वेगळी येते. एकापाठोपाठ एक फेऱ्या लावल्या तर व्हायल तापते. मध्ये थंड होऊ द्या.

रेडिओ_कट्टा

क्लिनिकच्या बाजूने दोन गोष्टी. आज मंजुरी असलेली सोनोव्ह्यू, डेफिनिटी, ऑप्टिसन, सोनाझॉइड ही सगळी मायक्रोबबल आहेत. ती रक्तवाहिनीच्या बाहेर पडत नाहीत, आणि आमचं निदान त्यावरच उभं आहे. यकृताच्या गाठीत धमनी टप्प्यात चमक आणि ६० सेकंदांनंतर सौम्य वॉशआउट (गाठ आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडणं), हे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचं, म्हणजे यकृताच्या कर्करोगाचं, चिन्ह. नॅनोबबल गळक्या वाहिन्यांतून गाठीत शिरून रेंगाळणार असतील तर वॉशआउटचं गणित बिघडेल. त्यांचा उपयोग वेगळ्या प्रश्नाला आहे, जुन्या प्रश्नाला 'जास्त चांगलं उत्तर' म्हणून तो मांडू नका.

आणि 'गाठीत शिरले' हे दाखवताना नुसता चमकणारा लिपिड दाखवू नका. कवच फुटल्यावर सुटा लिपिडही गाठीत जातो. त्याच रंगाचा, वायू नसलेला लायपोसोम नियंत्रण म्हणून हवाच.

शेततळं_मालक

आमच्या मत्स्यपालनाच्या तळ्यावर नॅनोबबल जनरेटर आहे, ऑक्सिजनचा. तेच पाणी गाळून सोनोग्राफीला चालणार नाही का? लिपिडचा एवढा खटाटोप कशासाठी?

सांगाडा_लिपिडचा

नाही चालणार. त्या बुडबुड्यांना कवच नसतं, आत ऑक्सिजन असतो, आणि तिथे मोजलेल्या कणांपैकी बुडबुडे किती आणि तेलकट-मातकट कण किती यावर अजून वाद आहे. ऑक्सिजन विरघळवायला यंत्र चांगलं आहे, माशांना लाभू दे. शिरेत टोचायच्या वस्तूशी त्याचा संबंध नाही.

लहर_१२

सर्वांचे आभार. न्यूबाउअरमध्ये १ चौ.मि.मी.ला सुमारे ३४० बुडबुडे दिसतात, पातळ न करता. म्हणजे मि.ली.ला ३४ लाख. सेंट्रिफ्यूजचा रोटर तिरका, ठरावीक कोनाचा आहे, ब्रेक पूर्ण. नमुना व्हायल सरळ करून वरून २६ गेजच्या सुईने घेतो. ०.४५ चा फिल्टर लावून भागेल का?

कवच_आणि_वायू

फिल्टर नको. दट्ट्याच्या दाबाने बुडबुडे फुटतात, एकमेकांत मिसळतात, आणि पलीकडे जे येतं त्यात लायपोसोमच जास्त.

तुमची गडबड रोटर, ब्रेक आणि सुई या तिन्हींत आहे. तिरक्या रोटरमध्ये बुडबुडे द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरळ जात नाहीत, काचेला घासत जातात, आणि थांबताना तो थर पुन्हा द्रवात घसरतो. झुलत्या बादल्यांचा रोटर घ्या, व्हायल बूच बाहेरच्या बाजूला करून ठेवा, ब्रेक शून्य. ५० जी म्हणजे १५ सें.मी. त्रिज्येला मिनिटाला साधारण ५५० फेरे. हा आकडा तुमच्या रोटरच्या त्रिज्येवरून काढा, यंत्रावरचं बटण फेऱ्यांचं आहे की जी चं ते बघा. त्याच त्रिज्येला ३,००० फेरे म्हणजे १,५०० जी. तेवढ्यावर २५० नॅनोमीटरवालेही पाच मिनिटांत वर जातात आणि खाली नुसता लायपोसोमचा रस्सा उरतो.

५० जी वर पाच मिनिटांत, ग्लिसरॉलचा चिकटपणा धरून, १ मायक्रोमीटरचा बुडबुडा सुमारे ५ मि.मी. सरकतो, २५० नॅनोमीटरचा जेमतेम ०.३ मि.मी. म्हणजे बुचाजवळचा ५ मि.मी. थर मोठ्या बुडबुड्यांपासून रिकामा होतो, नॅनो मात्र जागच्या जागी राहतात. सगळा खेळ त्या थराचा आहे. व्हायल सरळ केली की तो मोडला.

तेव्हा व्हायल उलटीच उचला, उलटीच स्टँडमध्ये लावा, खालून बुचातून २१ गेजची सुई घाला, टोक बुचाच्या आत जेमतेम दिसेल इतपतच. १०० मायक्रोलीटर, फार तर २००, सावकाश ओढा. २६ गेजमधून झटक्यात ओढलं तर सुईत दाब पडतो, बुडबुडे फुगतात आणि एकमेकांत मिसळतात. म्हणजे मायक्रोबबल तुम्ही तिथेच नव्याने तयार करता.

मिनार्ट

उंदरावर जाण्याआधी आणखी एक. प्रत्येक व्हायलमधून काढलेल्या नमुन्याची न्यूबाउअर मोजणी त्याच दिवशी करा आणि १० च्या वर आलेली व्हायल वापरू नका. प्रयोग झाल्यावर मोजलं तर त्या व्हायलचं चित्र टाकून द्यायला मन होत नाही.

एमआय_पॉइंट_वन

आणि संस्थेसाठी नवं यंत्र घेणार असाल तर कागदपत्रं आधी. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी नसलेल्यांना सोनोग्राफी यंत्र विकायला बंदी आहे. 'आम्ही फक्त फॅन्टम बघतो' हे विक्रेत्याला सांगून उपयोग नाही. निविदा काढण्याआधी जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करा, आयएईसीचा (प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणारी संस्थेची समिती) अर्ज त्याच्या जोडीनेच चालू ठेवा.